बावीस माणसं आणि आठ खुर्च्यांचं टेबल

गव्हाणसारख्या गावातून एखादं कुटुंब सहलीला निघालं की आकडा सहज वीस-बावीसवर जातो. आजी-आजोबा, तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, सोबतीला आत्या आणि तिची माणसं. पनवेल तालुक्यातल्या या पट्ट्यातून पूर्वी मुंबई बंदर गाठायचं म्हणजे खाडीला वळसा घालावा लागे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. आता उलव्याजवळ शिवाजीनगरला पुलावर चढायचं, शिवडीला उतरायचं आणि बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर जायचं. साहजिकच जहाजाची सहल हाताशी आली.

तिकिटं काढताना पहिला प्रश्न भाड्याचा असतो. दुसरा हमखास हा: "आम्ही सगळे एकत्र जेवायला बसू ना?" समोरचा म्हणतो, "विनंती नोंदवून ठेवतो." ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. पण तो यापेक्षा ठाम काही सांगू शकत नाही, आणि त्यामागे अगदी चोख गणित आहे. ते एकेक पायरीनं पाहू.

१. एक पंगत उठते, दुसरी बसते

हळदीच्या जेवणाला हजार माणसं येणार असतात आणि मांडवात एका वेळी अडीचशेच बसतात. म्हणून कोणी हजार माणसांचा मांडव घालत नाही. चार पंगती उठवतात. जहाजावरही हेच चालतं.

एका जहाजावर १,८०० प्रवासी आहेत असं धरू. हा आकडा काल्पनिक नाही. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फिरू लागलं. १९९० मध्ये ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं सेवेत आलं होतं, आणि त्याची क्षमता साधारण एवढीच आहे. आता आपल्या उदाहरणातल्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात ९०० खुर्च्या आहेत असं समजा. मग दोन पंगती कराव्याच लागतात. पाश्चात्त्य जहाजांवर पहिली साधारण संध्याकाळी सहाला आणि दुसरी सव्वाआठ-साडेआठला बसते.

१,८०० खुर्च्याच का ठेवत नाहीत? कारण जहाजावर जागा फार महाग. तेवढं मोठं दालन दिवसातले दोन तास भरेल आणि उरलेला वेळ रिकामं पडेल. शिवाय १,८०० ताटं एकाच क्षणी तयार ठेवायची तर भटारखाना आणि माणसंही दुप्पट लागतील. त्यामुळे जहाजवाले आणखी एक युक्ती करतात. पहिली पंगत जेवत असते तेव्हा दुसऱ्या पंगतीची माणसं नाट्यगृहात कार्यक्रम पाहतात. नंतर अदलाबदल होते. म्हणजे नाट्यगृहही अर्ध्याच लोकांपुरतं बांधलं तरी चालतं. जेवणाची वेळ निवडताना तुम्ही नकळत कार्यक्रमाचीही वेळ निवडत असता.

ही पद्धत जुनी आहे. टायटॅनिकच्या तिसऱ्या वर्गाच्या जेवणघरात ४७३ खुर्च्या होत्या आणि १९१२ च्या त्या सफरीत त्या वर्गाचे प्रवासी होते सुमारे सातशे. तिथंही दोन पंगतीच होत.

२. टेबलाला नंबर कशाला?

पंगतीत जिथं जागा मिळेल तिथं बसायचं असतं. पारंपरिक क्रूझवर मात्र तुमच्या कार्डावर पंगतीची वेळ आणि टेबलाचा नंबर छापलेला असतो, आणि सफर संपेपर्यंत तेच टेबल तुमचं.

याचं कारण वाढणाऱ्यांच्या रचनेत आहे. भोजनगृहाचे छोटे भाग पाडलेले असतात. एका भागात तीन-चार टेबलं, म्हणजे वीस-पंचवीस माणसं, आणि त्यांच्यासाठी एक वेटर व एक मदतनीस. अशा काही भागांवर एक हेड वेटर. सगळ्यांच्या वर 'मेत्र-दी', म्हणजे भोजनगृहाचा मुख्य व्यवस्थापक. कोण कुठं बसेल याचा शेवटचा शब्द त्याचा.

तीच माणसं रोज त्याच वेटरकडे आली की दुसऱ्या रात्रीपर्यंत त्याला कळतं: आजोबांना मीठ कमी, धाकट्याला भात आधी, आत्याचा आज उपास. मग विचारपूस आणि चुका दोन्ही कमी होतात. हे कसब आपल्या किनाऱ्याला नवं नाही. ब्रिटिश काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर प्रवाशांची जेवणाखाण्याची सरबराई मुख्यतः गोव्याचे तारवटी करत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावागावांचे कूड होते. बोट सुटेपर्यंत ते तिथं मुक्काम करत. गव्हाणच्या शेजारी न्हाव्यालाही खलाशांना शिकवणारी टी. एस. रहमान ही संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे.

३. खुर्च्या रिकाम्या, तरी जागा नाही

आता खरी अडचण. समजा, एका कोपऱ्यात आठ-आठ खुर्च्यांची चार टेबलं आहेत. एकूण ३२ खुर्च्या. आणि नऊ कुटुंबं आली आहेत, त्यांची माणसंही बरोबर ३२. अट एकच: एका कुटुंबाची माणसं वेगळी करायची नाहीत.

कुटुंबं आली या क्रमानं: २, २, ३, ३, ५, ४, २, ६, ५. जो येईल त्याला पहिल्या मोकळ्या टेबलावर बसवत जाऊ.

पहिलं टेबल: २ + २ + ३ = ७. एक खुर्ची उरली.
दुसरं टेबल: ३ + ५ = ८. भरलं.
तिसरं टेबल: ४ + २ = ६. दोन उरल्या.
चौथं टेबल: ६. दोन उरल्या.

शेवटचं पाच जणांचं कुटुंब उभंच आहे. रिकाम्या खुर्च्या मोजा: १ + २ + २ = ५. माणसं पाच, खुर्च्या पाच, तरी त्यांना एकत्र बसवता येत नाही. "एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत, मग आम्हाला जागा का नाही?" ही तक्रार करणारा आणि "जागा नाही" म्हणणारा, दोघंही इथं खरंच बोलत असतात.

आता क्रम बदलू. सगळ्यांची नावं आधी हातात घेऊ आणि मोठ्या कुटुंबांना आधी बसवू: ६, ५, ५, ४, ३, ३, २, २, २.

पहिलं टेबल: ६ + २ = ८.
दुसरं टेबल: ५ + ३ = ८.
तिसरं टेबल: ५ + ३ = ८.
चौथं टेबल: ४ + २ + २ = ८.

सगळे बसले आणि एकही खुर्ची उरली नाही. तीच माणसं, तीच टेबलं. बदलला तो फक्त क्रम.

गणितात याला 'डबे भरण्याचा प्रश्न' म्हणतात. ट्रकमध्ये खोकी रचणं, कापडाच्या ताग्यातून तुकडे कापणं, संगणकाच्या स्मृतीत माहिती साठवणं ही सगळी त्याचीच रूपं. कितीही मोठ्या यादीसाठी सर्वांत उत्तम मांडणी झटपट आणि खात्रीनं देणारी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. पण 'मोठा आधी' हा साधा नियम फार वाईट वागत नाही. डेव्हिड जॉन्सन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवून दिलं की संख्या मोठी असताना, उत्तम मांडणीत जिथं नऊ डबे पुरतात तिथं या नियमाला फार तर अकराच्या आसपास लागतात. म्हणूनच मेत्र-दी मोठ्या गटांची नावं आधी मागतो. जो मोठा गट उशिरा कळवतो, त्याच्या वाट्याला तुकडे येतात.

४. किती प्रकारे बसवता येईल?

"संगणकाला सांगा की सगळ्या मांडण्या तपासून सर्वांत चांगली निवड!" ही सूचना रास्त वाटते. जरा मोजून पाहू.

१६ माणसं आठ-आठच्या दोन टेबलांवर वाटायची तर ६,४३५ प्रकार होतात. संगणकाला हे काहीच नाही. २४ माणसं, तीन टेबलं: सुमारे १५८ कोटी प्रकार. ३२ माणसं, चार टेबलं: सुमारे ४१ कोटी कोटी, म्हणजे ४१ वर चौदा शून्यं. आणि इथं कोणाशेजारी कोण बसणार हे अजून धरलेलंच नाही. एका गोल टेबलाभोवतीच आठ माणसं ५,०४० प्रकारे बसू शकतात.

चारच टेबलांची ही गत असेल, तर शंभराहून जास्त टेबलांच्या दालनाचे सगळे प्रकार तपासणं कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. म्हणून संगणक आधी एक बरी मांडणी करतो, मग दोन कुटुंबांची अदलाबदल करून बघतो. सुधारणा झाली तर ठेवतो, नाहीतर सोडून देतो. अशा हजारो अदलाबदलींनंतर मिळते ती पुरेशी चांगली यादी. ती सर्वोत्तम आहे असा दावा कोणी करत नाही.

५. कोणाशेजारी कोण

माणसं म्हणजे खोकी नव्हेत. आठ खुर्च्यांवर सहा आणि दोन बसले की आकडा जुळला. पण ते सहा आणि ते दोन एकमेकांशी बोलणार आहेत का?

इथं मागण्यांचे दोन ढीग करावे लागतात. पहिल्या ढिगात न मोडता येणाऱ्या अटी: चाकांची खुर्ची वापरणाऱ्याला दाराजवळची, मोकळ्या वाटेवरची जागा, शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याची वेटरकडे आधीच नोंद, इन्सुलिन घेणाऱ्याला वेळेवर, म्हणजे बहुधा पहिली पंगत. दुसऱ्या ढिगात आवडीनिवडी: भाषा, वय, मुलं असणं-नसणं, खिडकी, मोठं टेबल की दोघांचंच. आधी अटी पाळायच्या, मग उरलेल्या जागेत जमतील तेवढ्या आवडी. जैन जेवणही पहिल्या ढिगातलं. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर ते मिळतं. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असलेली माणसं एकाच वेटरच्या भागात आली की ताटांची गल्लत होत नाही.

सोय आणि भेदभाव यांतली रेघ मात्र बारीक आहे. आपल्याकडे पंगत कोणाबरोबर बसायची यावर जातीचा पहारा होता. म्हणून तर सहभोजनं ही सामाजिक सुधारणेची चळवळ झाली. बोटीवर तो पहारा तिकिटाच्या वर्गाचा असे. पहिल्या वर्गाचं जेवणघर वेगळं, तिसऱ्याचं वेगळं, आणि कप्तानाच्या टेबलावर बसण्याचं आमंत्रण म्हणजे प्रतिष्ठेची पावती. परक्या रीतीचं दडपण तर वेगळंच. सप्टेंबर १८८८ मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं विलायतेला निघाले. काट्या-चमच्यानं खाण्याची सवय नव्हती आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा संकोच वाटे. त्यांनी टेबलावर जाणंच टाळलं आणि सोबत नेलेल्या मिठाई-फळांवर केबिनमध्ये भागवलं, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. शेजारी कोण आहे आणि समोर काय येणार आहे हे आधी ठाऊक असणं किती महत्त्वाचं, याचा याहून बोलका दाखला मिळणार नाही.

६. रोज नवं टेबल

काहींना उलट हवं असतं: रोज नवी जागा, नवी माणसं. 'डिस्ने मॅजिक' हे जहाज १९९८ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून त्या कंपनीनं तीन भोजनगृहांची फिरती पद्धत ठेवली आहे. प्रवाशांचे तीन गट करायचे आणि रोज गटानं दालन बदलायचं. गंमत म्हणजे वेटरही त्यांच्याबरोबर दालन बदलतात.

गट क, ख, ग आणि दालनं लाल, निळं, हिरवं असं धरू.

पहिली रात्र: क लाल, ख निळं, ग हिरवं.
दुसरी रात्र: क निळं, ख हिरवं, ग लाल.
तिसरी रात्र: क हिरवं, ख लाल, ग निळं.

कोणत्याही रात्री दोन गट एका दालनात नाहीत, आणि प्रत्येक गटाला प्रत्येक दालन एकदाच. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात.

आता एक अट वाढवू. सहा गट, सहा रात्री, सहा टेबलं, सहा वेटर. प्रत्येक गटाला प्रत्येक टेबल एकदा आणि प्रत्येक वेटर एकदा मिळावा. शिवाय प्रत्येक वेटरनं प्रत्येक टेबल एकदाच सांभाळावं. हे जमत नाही. लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञानं १७८२ मध्ये हाच प्रश्न सहा पलटणींतल्या सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांसाठी मांडला होता. सहासाठी ते अशक्य आहे असा त्याचा कयास होता. १०, १४, १८ अशा संख्यांसाठीही अशक्यच, असंही त्यानं म्हटलं. सहाबद्दल तो बरोबर ठरला. गास्तों तारी यानं १९०१ मध्ये ते सिद्ध केलं. बाकीच्या संख्यांबद्दल मात्र तो चुकला होता. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी दाखवलं की सहानंतरच्या त्या सगळ्या संख्यांसाठी ही मांडणी होते. बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली. यांतले श्रीखंडे नागपुरात शिकलेले. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. एप्रिल २०२० मध्ये ते गेले तेव्हा १०२ वर्षांचे होते.

घरी करून पाहण्याजोगं एक उदाहरण देतो. नऊ माणसं, तीन-तीन खुर्च्यांची तीन टेबलं. प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर एकदाच बसावा. माणसांना १ ते ९ आकडे द्या:

पहिली रात्र: १-२-३, ४-५-६, ७-८-९.
दुसरी रात्र: १-४-७, २-५-८, ३-६-९.
तिसरी रात्र: १-५-९, २-६-७, ३-४-८.
चौथी रात्र: १-६-८, २-४-९, ३-५-७.

कोणताही आकडा घ्या. चार रात्रींत त्याची उरलेल्या आठही जणांशी गाठ पडते आणि कोणाशीही दुसऱ्यांदा पडत नाही. माणसं आणि टेबलांचे आकार वाढले की हे फार अवघड होतं. जर्मनीतल्या ओबरवोल्फाख इथल्या गणित संस्थेत पाहुण्यांच्या जेवणाच्या जागा मुद्दाम बदलत ठेवतात. तिथंच १९६७ मध्ये गेरहार्ड रिंगेल यांनी विचारलं: गोल टेबलांवर रोज जागा बदलून प्रत्येक जण प्रत्येकाच्या शेजारी नेमका एकदा बसेल असं नेहमी करता येईल का? सर्व आकारांच्या टेबलांसाठीचं संपूर्ण उत्तर अजून पुरं झालेलं नाही.

७. "वाटेल तेव्हा जेवा"

नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीनं २००० मध्ये नेमलेली पंगत आणि नेमलेलं टेबल दोन्ही काढून टाकलं: हवं तेव्हा या, हवं तिथं बसा. आज बहुतेक मोठ्या कंपन्या दोन्ही पर्याय देतात.

मोकळीक हवीहवीशी वाटते, पण तिचा हिशेबही पाहा. समजा, ६०० खुर्च्या आहेत आणि प्रत्येक जण दीड तास बसतो. तर ते दालन तासाला सरासरी ४०० माणसं घेऊ शकतं. साडेचार तासांत १,८०० जण आरामात जेवतील, मात्र सगळे सारख्या गतीनं आले तरच. माणसं तशी येत नाहीत. आठला दालन रिकामं असताना आठ ते नऊ या तासात हजार जण आले, तर ६०० बसतील आणि ४०० दाराशी उभे राहतील. नऊपर्यंत कोणी उठणारही नाही. नेमलेल्या पंगतीत थांबणं आधीच वाटून दिलेलं असतं, मोकळ्या पद्धतीत ते दाराशी भेटतं. दोघांच्या जोडप्याला मोकळी पद्धत फायद्याची, कारण दोन खुर्च्या कुठंही मिळतात. बावीस जणांना ती हमखास तोट्याची.

८. तिकीट काढताना

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. आठांच्या टेबलावर बावीस माणसं बसणार नाहीत. पण आठ, आठ आणि सहा अशी शेजारशेजारची तीन टेबलं, एकाच वेटरच्या भागात, मिळणं अगदी शक्य आहे. त्यासाठी एवढं करा.

बावीस जणांची तिकिटं वेगवेगळ्या नावांवर असतील तर सगळे बुकिंग क्रमांक कंपनीला एकमेकांशी जोडायला लावा आणि सर्वांनी एकच पंगत निवडा. अर्धे पहिलीत आणि अर्धे दुसरीत असतील तर मेत्र-दीचाही इलाज चालत नाही. "एकच टेबल" मागू नका, "शेजारची टेबलं" मागा. घरातली तुमची वाटणी तुम्हीच ठरवून द्या: आजी-आजोबांबरोबर कोण, लहान मुलं कोणाजवळ. पथ्य, ॲलर्जी, जैन जेवण, चाकांची खुर्ची हे बुकिंगच्याच वेळी लेखी कळवा. जहाजावर चढल्यावर कार्डावरचा टेबल नंबर त्याच दुपारी तपासा आणि चूक असेल तर जेवणाच्या आधी भोजनगृहात जाऊन सांगा. पहिल्या रात्रीपर्यंत यादी हलवता येते; नंतर एक कुटुंब हलवायचं म्हणजे आणखी तीन हलवायची.

थोडक्यात, मोठ्या गटानं लवकर बोलावं. जहाजावर चांगली जागा वशिल्यापेक्षा वेळेवर कळवणाऱ्याला मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.